नोटरीच्या डोळ्यावरची साय

गुरुवारी सकाळी पावणेसातला कॉफीचा पहिला घोट तोंडात असताना मला नोटरीच्या डोळ्यावर साय दिसली, आणि तो घोट मी बराच वेळ गिळलाच नाही. नोटरी म्हणजे आमचा पिवळा सर्जनमासा. तीनशे लिटरच्या खाऱ्या टाकीत तो आठ वर्षं मालकासारखा राहतो. दोन विदूषक मासे आणि एक कोळंबी हे त्याचे भाडेकरू. नाव सासूबाईंनी ठेवलेलं. प्रत्येक दगडासमोर तो थांबतो, नीट निरखतो, मग तोंड टेकवून पुढे जातो, कागदावर शिक्का मारल्यासारखा. त्याचा डोळा एरवी काळाभोर, आणि आपण खोलीत पाऊल टाकलं की लगेच आपल्याकडे वळणारा. आज त्या काळ्यावर दुधावर येते तशी पातळ साय होती. मी कप खाली ठेवला. पण माझ्या मनात पहिला विचार माशाचा आला नाही. ही साय त्याच्या डोळ्यावर आहे की माझ्या, हा पहिला विचार आला.

गेलं वर्षभर माझ्या उजव्या डोळ्यापुढे धुकं आहे. सुरुवातीला मी ते जुगो वाऱ्यावर ढकललं. आमच्या स्प्लिट शहरात डोकं दुखलं, नवरा-बायकोचं वाजलं, पाव फुगला नाही, की लोक जुगोला बोल लावतात. दक्षिणेकडून दमट, जड असा तो येतो आणि बिचारा सगळं ऐकून घेतो. पण उन्हाळाभर जुगो नव्हता तरी धुकं होतंच. मग मी चष्मा पुसायला लागलो. दिवसातून वीस-वीस वेळा. बायको, निवेस, फेरीबोटीवर स्वयंपाकीण आहे, दोन आठवडे बोटीवर नि एक आठवडा घरी. ती एकदा म्हणालीसुद्धा, की अरे काचा झिजतील. मी हसलो. त्या सकाळी मी टाकीपुढे बसून तळहाताने उजवा डोळा झाकला आणि डाव्याने पाहिलं. साय होती. डावा झाकून उजव्याने पाहिलं, तर नोटरी, दगड, भाडेकरू, सगळ्यांवरच साय. पुन्हा उजवा झाकला. चांगल्या डोळ्यालाही ती दिसत होती, म्हणजे ती माशाच्याच डोळ्यावर होती. आणि मला हायसं वाटलं. आठ वर्षं ज्याला हाताने शेवाळ भरवलं त्या जिवाचा डोळा गेलेला बघून मला हायसं वाटलं, आणि पाठोपाठ स्वतःची इतकी किळस आली की मी उठून गार झालेली कॉफी मोरीत ओतली.

खाऱ्या पाण्यातले मासे पाळणाऱ्यांना एक गोष्ट पाठ असते. एक डोळा बिघडला तर मासा कुठेतरी आपटलाय, दोन्ही बिघडले तर पाणी बिघडलंय. पण मासा आपल्याला एका वेळी एकच बाजू दाखवतो, आणि नोटरी तर हट्टाने डावीच दाखवत होता. मी गुडघे टेकून काचेला कपाळ लावलं. काच कोमट होती, पंपाची बारीक थरथर कपाळातून दातांपर्यंत येत होती. तो दगडाआड गेला, आला, पुन्हा डावीच. मी मनात म्हणत होतो, वळ रे, एकदा वळ. एक की दोन, तेवढं कळू दे. माझ्या स्वतःच्या बाबतीत हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता हे तेव्हा लक्षात आलं. डावा डोळा चांगला आहे असं मी धरून चाललो होतो. तपासून कुणी सांगितलं नव्हतं. माशांच्या डोळ्यांवर मी हातात येईल ते सगळं वाचलेलं आहे. माणसाच्या डोळ्यावर एक ओळ वाचलेली नाही. शेवटी कोळंबी त्याच्या आडवी आली म्हणून नोटरी वळला. उजव्यावरही साय होती. दोन्ही.

तेवढ्यात सासूबाई पोहून आल्या. वय एकोणऐंशी, नाव फिलोमेना, माहेर शोल्ता बेटावरचं; डिसेंबर लागेपर्यंत रोज पहाटे समुद्रात उतरतात आणि चाकांची पिशवी ओढत घरी येतात.

"असा काय बसलायस टाकीपुढे, तिकीट काढून?"

"आई, जरा इकडे या. नोटरीचे डोळे बघा. काही वेगळं दिसतंय?"

त्यांनी ओले केस कानामागे सारून नाक काचेला टेकवलं. "काही नाही. नेहमीसारखाच आहे."

"नीट बघा. पांढरं काही?"

"अरे, मला तो दोन वर्षं असाच दिसतोय. दुधातला." मग माझ्याकडे वळल्या. "तुला काय दिसतंय?"

"साय आलीय. दोन्ही डोळ्यांवर."

"मग कॅमोमाइलचा काढा कर आणि कोमट झाला की घाल थोडा आत. निवेसचे डोळे आले की मी तेच करायचे."

"आई, टाकीत काही घालायचं नाही. कसला काढा नाही, काही नाही."

"बरं बाबा. मी कशाला घालू?" असं म्हणून त्या पिशवी ओढत जरा लगबगीनेच आत गेल्या.

माझे वडील, याकोव, शहराच्या वारोश या जुन्या वस्तीत कुलपं दुरुस्त करायचे. दुकान म्हणजे जिन्याखालची खोबण. आत तेलाचा आणि लोखंडाच्या किसाचा वास. मी सात वर्षांचा असताना तो कीस माझ्या डोळ्यात गेला. वडिलांनी मला दवाखान्यात नेलं नाही, लुत्से मावशीकडे नेलं. ही मावशी डोळ्यातलं कुसळ जिभेने काढायची. आधी रोझमेरी घातलेल्या दारूने चूळ भरायची, मग आपलं डोकं मांडीवर घेऊन दोन बोटांनी पापण्या फाकवायची. तिची जीभ अजून मला आठवते. गरम, खरखरीत, आणि डोळ्याच्या इतक्या मागपर्यंत गेलेली की ती आता माझे विचार चाटेल असं वाटलं. मग तिने तळहातावर थुंकून तो लोखंडाचा कण वडिलांना दाखवला, आणि वडिलांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. अर्ध्या वारोशचे डोळे त्या जिभेखालून गेले होते. म्हणून पुढे बारा वर्षांनी स्वतःच्या डोळ्यांना काहीतरी होतंय असं वाटलं तेव्हा वडील गेले ते तिच्याकडेच. हे मला त्यांच्या मृत्यूनंतर तिने सांगितलं. तिने दोन्ही डोळे चाटून पाहिले आणि म्हणाली, "याकोव, आत काही नाही. हे माझ्या जिभेचं काम नाही, डॉक्टरकडे जा." वडील हो म्हणाले, टोपी घातली, आणि थेट दुकानात जाऊन बसले. त्यांना किल्ल्या करायला डोळे लागत नव्हते. अंगठ्याने खाचा मोजायचे. गिऱ्हाइकाला आवाजावरून ओळखायचे. चार वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. एक दिवस मी रस्त्यात समोरून येत होतो, हात वर केला, आणि ते माझ्या बाजूने निघून गेले, खांद्याला खांदा घासत. मी हाक मारली तेव्हा वळून हसले आणि म्हणाले, "उन्हात दिसला नाहीस." आकाशात ढग होते. मी काही बोललो नाही. पुढे डॉक्टर म्हणाले काचबिंदू, आणि म्हणाले उशीर झाला, घरातल्या पुढच्या माणसांनीही तपासून घेत जावं. घरातला पुढचा माणूस मीच होतो. मी मान डोलावली होती.

त्या गुरुवारी कामावर जाण्याआधी मी टाकीच्या पाण्याचा खारटपणा मोजला. त्यासाठी एक नळी असते. तिच्या टोकावर थेंब टाकायचा, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. आत निळं आणि पांढरं जिथे भेटतं ती रेघ आकड्यांवर पडते. मी सवयीने उजवा लावला. पस्तीस. बरोबर, पस्तीसच हवेत. नेहमी पस्तीसच असतात. नळी पुसून डबीत ठेवली. मग पाणी खराब कशाने झालं असेल याचा विचार करत मी बसने ऑफिसला गेलो. आमच्या ऑफिसात समुद्राचे नकाशे दुरुस्त होतात. कुठे गाळ साठला, कुठे दगड सापडला, की खोलीचे आकडे बदलतात. ते बदललेले आकडे छापायच्या आधी मुळाशी ताडून बघायचे, हे माझं तीस वर्षांचं काम. बारीक आकडे असतात, मुंग्यांच्या रांगेसारखे. तिथे तीनचा आठ वाचला तर कुठलातरी कप्तान खोल पाणी समजून खडकावर जाईल. वर्षभर मी प्रत्येक कागद तीनदा तपासत होतो, खिडकीपाशी, डावा डोळा भिंगाला लावून, आणि कुणी आलं की भिंग कागदाखाली सरकवत होतो. संध्याकाळी मानेत कळ यायची. साहेब एकदा कौतुकाने म्हणाले, की लोव्रे, तुमच्याइतकं बारकाईने कुणी बघत नाही. मला त्या रात्रभर ते वाक्य टोचत राहिलं.

चार वाजता सुटल्यावर मी सकाळी भरून आणलेली टाकीच्या पाण्याची बाटली घेऊन बेरोकडे गेलो. बेरोचं माशांचं दुकान एका इमारतीच्या तळघरात आहे. आत शिरलं की निळा उजेड आणि पन्नास पंपांची गुणगुण. माणूस तोंडाचा फटकळ, पण माशांचं त्याला आईसारखं कळतं. मी म्हणालो, दोन्ही डोळ्यांवर साय, खातोय बेताने, पोट ठीक, अंगावर डाग नाही. त्याने बाटलीतला थेंब स्वतःच्या नळीवर टाकला, डोळा लावला, आणि काढला.

"लोव्रे, हे टाकीचंच पाणी ना? का जेवणातून आणलंस?"

"टाकीचं. का?"

"यात सार्डिन खारवता येतील. एक्केचाळीस आहेत."

"शक्य नाही. सकाळी पस्तीस होते."

"हे बघ की मग."

मी नळी डोळ्याला लावली. दूध. निळं नव्हतं, पांढरं नव्हतं, रेघ नव्हती; दूध होतं. मी म्हणालो, "हं, एक्केचाळीस." बेरोने नळी घेतली, फडक्याने पुसली, दुसरा थेंब टाकला आणि पुन्हा माझ्या हातात दिली. "आणि आता?" मी पुन्हा उजेडाकडे धरली. आत तेच दूध. पंपांची गुणगुण एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. मला वाटलं टाकीचंच पाणी असेल, खात्री करून घेतोय. मी म्हणालो, "एक्केचाळीस."

बेरोने नळी माझ्या हातातून काढून घेतली आणि हळूच म्हणाला, "ते गोडं पाणी होतं रे. नळी बरोबर दाखवते का बघायला टाकलं. शून्य होतं ते."

मला घाम फुटला. त्या तळघरात, निळ्या उजेडात, माझ्या कानशिलांतून घाम खाली येताना मला जाणवत होता. सकाळचे पस्तीस मी वाचलेच नव्हते. मला पस्तीस माहीत होते म्हणून मी पस्तीस म्हणालो होतो. किती महिने मी त्या नळीतून आकडा आठवत होतो, आणि वाचतोय असं समजत होतो. आणि ऑफिसात? तिथे भिंग होतं, डावा डोळा होता, तीनदा तपासणं होतं; पण त्या क्षणी मला एकाही कागदाची खात्री देता आली नसती. बेरोने टोमणा मारला नाही. बेरो टोमणा मारत नाही तेव्हा समजावं की प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं राहिलेलं नाही. त्याने स्टूल पुढे सरकवलं, मी बसलो, आणि तो माझ्याकडे न बघता माशाबद्दलच बोलत राहिला, हा त्याचा चांगुलपणा. म्हणाला, "औषधबिवषध टाकू नकोस, त्याने दगडांवरची पोवळी मरतील आणि पाणी सांभाळणारे किडेही मरतील. मासा जाळ्याने धरू नकोस, घाबरून आपटेल. पाणी दुरुस्त कर, डोळा आपोआप होईल. रोज सात लिटर काढायचं आणि सात लिटर गाळलेलं गोडं घालायचं. रोज एक अंश उतरला पाहिजे, जास्त नाही. घाई केलीस तर पाण्याऐवजी मासा जाईल. शेवाळावर जीवनसत्त्वाचे चार थेंब दे." मग मी निघताना म्हणाला, "पण मीठ वाढलं कसं? वरून कुणीतरी खारं घालतंय. दिवसभर घरी कोण असतं?"

"सासूबाई."

"मग झालं," बेरो म्हणाला.

घरी आलो तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात पालकासारख्या त्या ब्लित्व्याच्या भाजीचे देठ काढत बसल्या होत्या. मी जोडेही काढले नाहीत.

"आई, टाकीत तुम्ही काय घातलंत?"

"काही नाही."

"खरं सांगा. कॅमोमाइल?"

"सांगितलं ना, काही नाही. समुद्र तेवढा घातला."

"समुद्र?"

"अरे, पाणी रोज दोन बोटं खाली जातं. हल्ली तुझं लक्ष नसतं, पंप गुरगुरायला लागतो, जीव तुटतो माझा. म्हणून पोहून येताना दोन बाटल्या भरून आणते. चांगला लांबून, स्वच्छ. सतरा-अठरा दिवस झाले." त्यांनी एक देठ मोडला. "समुद्र कमी झाला तर समुद्रच घालणार ना? का नळाचं पाणी घालू त्याच्या अंगावर?"

बेटावर जन्मलेल्या माणसाला याहून सरळ काही सुचणंच शक्य नव्हतं. मीही अठरा दिवस पाणी खाली जात नाही हे बघत होतो आणि हवेत दमटपणा आहे, जुगो आहे, म्हणून उडत नसेल, असं मनाशी म्हणत होतो. तरी मी चिडलोच. ते चिडणं सासूबाईंवर नव्हतं, पण ते गेलं त्यांच्याच अंगावर.

"पाणी उडतं, आई. मीठ उडत नाही, ते आतच राहतं. त्यावर तुम्ही रोज आणखी मीठ घालत होतात."

"मग हे आधी सांगायचं."

"तुम्ही विचारायचं. तुम्हाला तर तो मासा धड दिसतही नाही."

सासूबाईंनी सुरी खाली ठेवली. "आणि तुला?"

नळ ठिबकत होता तो मी घट्ट केला.

"कॉफी कपाच्या कडेवर ओततोस आणि फडकं घेऊन पुसतोस, मला दिसत नाही असं समजून. जिन्यात खालची पायरी चाचपतोस. पेपर घेऊन बसतोस आणि अर्धा तास पान उलटत नाहीस. मला धूसर दिसतं, पण कान आहेत मला. पान उलटल्याचा आवाज येतो." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुझ्या बापाने माझ्या दाराची किल्ली करून दिली होती. मी समोर उभी होते. त्याने सगळं अंगठ्याने केलं आणि पैसे घेताना माझा हात शोधला. मला तेव्हाच कळलं होतं. मी बोलले नाही. परक्याच्या घरचं आपण कशाला बोला, असं वाटलं. ते अजून मला खातं, लोव्रे. तुझ्या बाबतीत वर्षभर वाट पाहिली, आज बोलते."

मी खुर्चीवर बसलो. वर्षभर मी दोन्ही हातांनी एक दार लावून धरलं होतं आणि पलीकडे कुणी ढकलतच नव्हतं. मी म्हणालो, "मला वाटतं मला तेच झालंय. बाबांचं." हे शब्द मी आजवर मनातसुद्धा सलग म्हटले नव्हते.

"वाटतं. कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"मग उद्या फोन कर. आणि माझाही नंबर लाव. मी निवेसपासून लपवतेय, का माहितेय? तिला कळलं तर ती माझं पोहणं बंद करेल. दोघं जाऊ. तू पळालास तर मी पकडेन, मी पळाले तर तू."

तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. ते तीन आठवडे मला नीट आठवतात, कारण आमच्या हाताला काम होतं. रोज संध्याकाळी मी सात लिटर काढायचो, सासूबाई मापाच्या भांड्याने गोडं पाणी घालायच्या, हळूहळू, पेला-पेला, नोटरीशी बोलत. "घे रे, चुकलं माझं, पण माझ्यासारखं प्रेमाने मीठ कुणी घातलं असतं तुला?" पाण्याची बाटली मी बेरोकडे नेऊन द्यायचो आणि तो आकडा वाचायचा, चाळीस, एकोणचाळीस. मला एकदाच सगळं बदलून टाकावंसं वाटायचं. रात्रभरात पाणी पस्तीसवर आणून सकाळी तो काळाभोर डोळा बघावासा वाटायचा. पण घाई चालणार नव्हती. सातव्या दिवशी पस्तीस झाले आणि डोळ्यात मात्र काहीच फरक नव्हता. मी एका हाताने डोळा झाकून तासन्‌तास बघायचो. बाराव्या दिवशी डाव्या बुबुळाच्या कडेला काळं दिसलं, स्वयंपाकघरातली वाफ धरलेली खिडकी कोपऱ्यातून निवळते तसं. पण माझा माझ्यावर विश्वास नव्हता, आणि सासूबाईंना विचारून उपयोग नव्हता. "मला तो अजून दुधातच दिसतो," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघंही हसलो, बऱ्याच दिवसांनी. निवेस बोटीवरून आली ती पिशवी खाली ठेवून सरळ टाकीशी गेली. "काय झालं होतं म्हणता याला? छान टकमक बघतोय की माझ्याकडे." आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मी तिला सगळं सांगितलं, आणि ती रडली आणि मग आईवर ओरडली आणि मग माझ्यावर. पोहणं बंद केलं नाही, एवढं मात्र सांगायला हवं.

दवाखान्यात निवेस आली नाही, तिचा बोटीवरचा आठवडा होता. मी आणि सासूबाई बाकावर बसलो. नर्सने दोघांच्या डोळ्यांत थेंब घातले, आणि अर्ध्या तासात समोरची भिंत, दार, माणसं सगळी विरघळून उजेड झाली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हात गार होते. हनुवटी टेकवा. हलू नका. डोळ्यावर हवेचा एक फटका आला आणि मी दचकलो. मग त्या एकेक डोळा भिंगातून बराच वेळ बघत राहिल्या. त्यांच्या श्वासाला पुदिन्याचा वास येत होता. मला वडिलांचं ते दुकान दिसत होतं, ती टोपी. मी म्हणालो, "माझ्या वडिलांना काचबिंदू होता. ते आंधळे झाले. मी वर्षभर आलो नाही." हे मी विचारल्याशिवाय सांगितलं.

"डोळ्यांतला दाब ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मागची नस ठीक आहे. दोन्ही डोळ्यांत. काचबिंदू नाही. उजव्यात मोतीबिंदू आहे, चांगला पिकलाय, डाव्यात सुरुवात. काचबिंदू असा धुक्यासारखा येत नाही सहसा, तो कडेकडेने खातो. घरात तो आहे म्हणून दर वर्षी यायचं. मोतीबिंदू काढून टाकू, वीस मिनिटांचं काम आहे." त्यांनी विचारलं, "ऐकलंत ना?" मी म्हणालो, "पुन्हा एकदा सांगा." त्यांनी पुन्हा सांगितलं, तितक्याच शांतपणे. हनुवटी टेकवायच्या त्या प्लॅस्टिकवर माझे अश्रू पडले ते त्यांनी कागदाने पुसले. थेंबांमुळेही येतं पाणी, म्हणाल्या. सासूबाईंना तेच निघालं, दोन्ही डोळ्यांत, त्यांना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, तुम्ही इथपर्यंत आलात कशा?" त्या म्हणाल्या, "याला धरून." मीही त्यांनाच धरून आलो होतो.

बाहेर दुपारचं लखलखीत ऊन होतं, आणि आमच्या फाकलेल्या डोळ्यांत ते सुईसारखं शिरत होतं. भिंतीला हात लावत आम्ही बसथांब्यावर आलो. मी निवेसला फोन करून सांगितलं, ती पलीकडे बोटीच्या भोंग्यात काहीतरी म्हणाली, ऐकू आलं नाही, पण हसत होती. सासूबाईंनी पर्समधून सुकं अंजीर काढून अर्धं मला दिलं. चावताना माझ्या लक्षात आलं की दातावर दात घट्ट दाबून ठेवायची मला सवय लागली होती, आणि आत्ता ते सुटे होते. मला वडिलांची आठवण आली, आणि पहिल्यांदाच त्यांचा राग आला. त्या चार वर्षांत त्यांनी एका माणसाला एक वाक्य सांगितलं असतं तर काचबिंदूचे थेंब वेळेवर मिळाले असते. मग रागही गेला. भीती काय असते ते मला आता माहीत होतं.

बस आली. मोठी, पांढरट, कपाळावर हलणारे नारिंगी ठिपके. सासूबाईंनी माझं कोपर धरलं होतं, मी त्यांचं. शेजारी भाजीची पिशवी घेतलेली एक बाई उभी होती.

"बाई," मी म्हणालो, "ही कितीची बस आहे? मला दिसत नाहीये."

माझ्या घराण्यात हे मोठ्याने म्हणणारा मी पहिलाच. जीभ अडखळली नाही, आणि त्या बाईने मान वळवून सहज सांगितलं, "सतरा."

"आपलीच," सासूबाई म्हणाल्या, आणि आम्ही पायरी चाचपत चढलो.